टिंबक्टूचे दर्गे व अंजामेनाचें दफ्तर : युद्धापराधाच्या दोन खटल्यांची हकीकत

जुन्या कागदांचा नाश हा अपराध आहे किंवा नाहीं, आणि असल्यास त्याबद्दल कोणास कोणत्या न्यायासनापुढें उभें करतां येतें, हा प्रश्न आपल्या संशोधकांनीं आजवर फारसा विचारलेला नाहीं. कसर, वाळवी, गळकें छप्पर आणि वारसांची अनास्था हे आपल्या दफ्तरांचे नित्याचे शत्रु. त्यांवर खटला चालत नाहीं. परंतु युद्धांत बुद्धिपुरस्सर केलेला नाश ही निराळी गोष्ट होय. सन २०१६ ह्या एकाच वर्षीं आफ्रिका खंडांतील युद्धापराधांच्या दोन खटल्यांचे निकाल लागले. एकांत टिंबक्टू येथील जुन्या वास्तूंचा विध्वंस करणाऱ्या इसमास शिक्षा झाली. दुसऱ्यांत चाड देशाचा माजी अध्यक्ष त्याच्याच खात्याच्या कागदांवरून दोषी ठरला. ह्या दोन प्रकरणांत लिखित कागदाची गति काय झाली, एवढेंच पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

टिंबक्टू हें नगर माली देशांत नायजर नदीच्या वळणाजवळ, सहारा वाळवंटाच्या कडेस वसलें आहे. उत्तरेकडून मिठाचे तांडे येत व दक्षिणेकडून सोनें येई; त्या व्यापारावर हें नगर वाढलें. मालीचा राजा मनसा मूसा सन १३२४ त मक्केच्या यात्रेस गेला होता. तिकडून परतल्यावर त्यानें येथील जिंगेरेबेर मशीद बांधविली. पुढें सोंघाय राजांच्या अमलांत, पंधराव्या व सोळाव्या शतकांत, सांकोरे मशिदीच्या भोवतीं काजी, मुदर्रिस व लेखक ह्यांची मोठी वस्ती झाली. सोळाव्या शतकांतील प्रवासी लिओ आफ्रिकानुस ह्यानें असें नमूद करून ठेविलें आहे कीं, येथें हस्तलिखित ग्रंथांच्या विक्रींत इतर कोणत्याही मालापेक्षां अधिक नफा होतो. हे ग्रंथ बहुधा सुट्या पानांचे असून कातड्याच्या वेष्टनांत बांधून ठेवलेले असत. रुमालांत बांधलेल्या पोथ्या ज्यांनीं सोडल्या व पुनः बांधल्या आहेत त्यांस ह्याची कल्पना सहज येईल. त्यांत धर्मशास्त्र, व्याकरण, ज्योतिष, वैद्यक आहे. तसेच खरेदीखतें, पत्रव्यवहार व काजींचे निवाडेही आहेत. अरबीखेरीज सोंघाय, फुलानी, तामाशेक ह्या देशभाषाही अरबी लिपींत लिहिलेल्या सांपडतात.

तेथील विद्वानांत अकीत घराणें अग्रगण्य होतें. सीदी महमूद बिन उमर अकीत हा सन १४९८ पासून सन १५४८ त मृत्यु येईपर्यंत नगराचा काजी होता. त्याच घराण्यांत अहमद बाबा (सन १५५६–१६२७) हा पंडित निपजला. सन १५९१ त मोरोक्कोचा सुलतान अहमद अल-मन्सूर ह्याच्या फौजेनें बंदुकांच्या बळावर तोंडिबी येथें सोंघाय सैन्य मोडलें, आणि सन १५९३ त नगरांतील विद्वानांस कैद करून त्यांचीं घरें लुटलीं. कैद्यांस वाळवंट ओलांडून माराकेशास नेण्यांत आलें. अहमद बाबानें सुलतानाच्या तोंडावर जी तक्रार केली ती अशी कीं, माझा संग्रह आमच्या भाऊबंदांत सर्वांत लहान, तरी त्यांतलेच १,६०० ग्रंथ आपल्या लोकांनीं नेले. तक्रार ऐकणारा सुलतान, आणि लूट करणारी फौज सुलतानाचीच. तेथें दाद कोण देणार? सुलतानाच्या मृत्यूनंतर, सन १६०८ त, अहमद बाबा स्वदेशीं परतला. विद्वानांच्या ह्या अटकेची हकीकत अब्दुर्रहमान अस-सादी ह्याच्या 'तारीख अस-सूदान' ह्या सतराव्या शतकांतील बखरींत आली आहे. वाचकांनीं अकीत हें नांव ध्यानांत ठेवावें. तें पुढें पुनः येणार आहे.

सन १९८८ त युनेस्को संस्थेनें टिंबक्टूच्या तीन मशिदी व सोळा दर्गे जागतिक वारशाच्या यादींत दाखल केले. ३३३ अवलियांचें नगर अशी ह्या ठिकाणाची ख्याति आहे, आणि त्या अवलियांच्या कबरी मातीच्या साध्या बांधणीच्या असून त्यांची डागडुजी आसपासचीं घराणीं परंपरेनें करीत आलीं आहेत.

सन २०१२ च्या जानेवारींत मालीच्या उत्तर भागांत बंड उद्भवलें. २२ मार्च रोजीं राजधानी बामाको येथें लष्करानें सरकार उलथून टाकलें, व त्या गोंधळांत एप्रिलच्या आरंभीं टिंबक्टू बंडवाल्यांच्या हातीं पडलें. लवकरच तेथील सत्ता 'अन्सार दीन' व उत्तर आफ्रिकेंतील 'अल-कायदा' ह्या दोन जमातींनीं बळकाविली. लोकांच्या नीतीवर नजर ठेवण्यासाठीं त्यांनीं जें खातें काढलें त्याचें नांव हिस्बा. फारशी कागद वाचणारांस मोहतसीब हा अधिकारी परिचित आहे. औरंगजेबानें सन १६५९ त तो नेमला होता. हिस्बा, मोहतसीब व आपला रोजचा हिशेब हे तिन्ही शब्द एकाच अरबी धातूचे होत. ह्या हिस्बाचा प्रमुख अहमद अल-फकी अल-महदी हा त्याच प्रांतांतील तुआरेग गृहस्थ. कुराणाचें अध्ययन त्यानें लहानपणापासून केलेलें. टिंबक्टूच्या अध्यापक विद्यालयांतून तो बाहेर पडला होता व सन २०११ पासून सरकारी शिक्षण खात्यांत नोकरीस होता. ज्यांचा जन्म शाळा तपासण्यांत व मुलांचे पाठ ऐकण्यांत गेला त्यांस हा तपशील वाचून बरें वाटत नाहीं.

दर्ग्यांविषयीं त्याचें आरंभींचें मत मोठें चमत्कारिक होतें. कबरीवर इमारत उठविणें शास्त्रास संमत नाहीं असें त्याचें म्हणणें. तथापि रहिवाशांशीं असलेला सलोखा बिघडूं नये म्हणून दर्गे पाडूं नयेत असा सल्ला त्यानें दिला होता. अन्सार दीनचा मुख्य इयाद अग घाली ह्यानें तो सल्ला बाजूस सारून पाडण्याचा हुकूम दिला. मग अल-महदीनेंच त्या दिवसांच्या शुक्रवारच्या प्रवचनाचा मजकूर लिहिला, कुदळी-पहारींची व्यवस्था केली व मोहिमेवर स्वतः देखरेख ठेविली. सन २०१२ च्या जूनअखेरीपासून ११ जुलैपर्यंत नऊ दर्गे व सीदी याह्या मशिदीचें एक दार नष्ट झालें. हें दार जगाच्या अंतापर्यंत उघडावयाचें नाहीं अशी लोकांची श्रद्धा होती. दहांपैकीं पांच ठिकाणीं अल-महदीचा प्रत्यक्ष हात लागला. पाडलेल्या दर्ग्यांत सीदी महमूद बिन उमर अकीत ह्या पूर्वोक्त काजीचा दर्गा होता.

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय रोम येथें सन १९९८ त झालेल्या करारानें निर्माण झालें. तो करार १ जुलै २००२ पासून अमलांत आला. ह्या न्यायालयाचा डोळा केवळ आफ्रिकेवर आहे असा आक्षेप त्या खंडांतील पुष्कळ राज्यकर्त्यांनीं घेतला आहे, व त्यांत अगदींच तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु हें प्रकरण न्यायालयाकडे पाठविलें तें स्वतः माली सरकारनें, विध्वंस होऊन गेल्यावर त्याच जुलै महिन्यांत. पकडवॉरंट १८ सप्टेंबर २०१५ रोजीं निघालें. त्याच महिन्यांत नायजर देशानें अल-महदीस हेग येथें हवालीं केलें. २२ ऑगस्ट २०१६ रोजीं खटला सुरू झाला तेव्हां त्यानें अपराध कबूल करून टिंबक्टूच्या लोकांची क्षमा मागितली. त्यामुळें सुनावणी तीन दिवसांत आटोपली, व २७ सप्टेंबर रोजीं न्यायाधीश राउल पांगालांगन ह्यांच्या अध्यक्षतेखालील पीठानें त्यास नऊ वर्षांची शिक्षा सांगितली. सांस्कृतिक वास्तूंचा नाश हाच ज्यांत एकमेव आरोप होता असा ह्या न्यायालयापुढील हा पहिला खटला. कायद्यानें तीस वर्षांपर्यंत शिक्षा देतां आली असती. परंतु मालमत्तेविरुद्धचे अपराध हे देहाविरुद्धच्या अपराधांहून सामान्यतः कमी गंभीर होत असें पीठानें स्पष्ट म्हटलें, शिवाय कबुली, पश्चात्ताप व आरंभींची नाखुषी हीं जमेस धरलीं.

येथें शब्दार्थाचा एक प्रश्न उपस्थित होतो. रोम कराराच्या आठव्या कलमांत धर्म, शिक्षण, कला, शास्त्र वा धर्मादाय ह्यांस वाहिलेल्या इमारती व ऐतिहासिक स्मारकें ह्यांवर बुद्ध्या 'हल्ला चढविणें' हा युद्धापराध म्हटला आहे. टिंबक्टूंत जुलै महिन्यांत लढाई चालू नव्हती. नगर बंडवाल्यांच्या पूर्ण ताब्यांत होतें. आपल्याच ताब्यांतील इमारत शांतपणें पाडणें ह्यास हल्ला म्हणावें काय? पीठानें म्हटलें, म्हणावें. सांस्कृतिक वास्तूंच्या बाबतींत ताबा मिळाल्यावर केलेला नाशही त्यांत येतो. आरोपीनें सर्व कबूल केल्यामुळें ह्याविरुद्ध वाद करणारा समोर कोणी नव्हता. आमच्या शास्त्राच्या परिभाषेंत सांगावयाचें तर पूर्वपक्षावांचून सिद्धान्त झाला, आणि अशा सिद्धान्ताचें जें व्हावयाचें तेंच पुढें झालें. काँगोंतील बॉस्को एन्टागांडा ह्याच्या खटल्यांत, सन २०१९ त, त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठानें सायो गांवच्या चर्चसंबंधीं उलट अर्थ लावला : चढाई संपल्यावर जें झालें तो हल्ला नव्हे. अपिलांतही बहुमतानें तोच निकाल कायम राहिला. आमच्या अल्पमतीस पहिला अर्थच ग्राह्य वाटतो, कारण संग्रह व स्मारकें ह्यांचा नाश बहुधा गोळीबार थांबल्यावरच, सवडीनें, होत असतो. सन १५९३ त झाला तो असाच.

आतां पोथ्यांकडे वळूं. टिंबक्टूंत अहमद बाबाच्या नांवानें एक सरकारी संशोधनसंस्था सन १९७३ त स्थापन झाली होती. तिच्या संग्रहाच्या छापील सूचीचे खंड लंडनच्या अल-फुरकान संस्थेनें सन १९९५ पासून प्रसिद्ध केले. ह्याशिवाय घरोघर खासगी संग्रह होते. बंडवाले नगरांत असतांनाच अब्देल कादर हैदारा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हे खासगी संग्रह लोखंडी पेट्यांत भरून, गाढवांच्या गाड्यांतून, मोटारींतून व नायजर नदींत होड्यांतून, गुपचूप बामाकोस हलविले. संस्थेच्या नोकरांनींही आपल्याकडील पुष्कळ ग्रंथ वांचविले. सोडविलेल्या हस्तलिखितांची संख्या साडेतीन लक्षांवर सांगतात. कित्येक विद्वानांस ती फुगलेली वाटते, आणि घराघरांच्या याद्या पूर्वीं झालेल्या नसल्यामुळें हा वाद सहज मिटणारा नाहीं. उलट पक्षीं, जानेवारी २०१३ च्या अखेरीस फ्रेंच व माली फौजा जवळ आल्या असतां बंडवाल्यांनीं पळतांना संस्थेच्या नव्या इमारतींत जी जाळपोळ व लूट केली तींत ४,२०३ हस्तलिखितें गेलीं असें युनेस्कोनें नमूद केलें आहे. नुकसान एककापर्यंत सांगतां येतें तें मोजदाद झालेल्या संग्रहाचेंच. सूचीकरणास नुसतें कारकुनी काम समजणाऱ्या आमच्या कांहीं मित्रांनीं हे दोन आकडे शेजारीं शेजारीं ठेवून पाहावेत.

ह्या जळालेल्या ग्रंथांबद्दल अल-महदीवर आरोप ठेवण्यांत आला नाहीं. हिस्बाचें प्रमुखपद त्यानें सप्टेंबर २०१२ तच सोडलें होतें, व त्याच्या आरोपपत्रांतील कृत्यें जुलैपर्यंतचीं होतीं. तेव्हां त्याच्यापुरता प्रश्न तेथेंच मिटतो. पण कायद्याकडे पाहिलें तरी अडचण आहेच. वर सांगितलेल्या कलमांत शब्द आहे तो 'इमारत' व 'स्मारक'. ग्रंथाचें नांव त्यांत नाहीं. हेग येथें सन १९५४ त सांस्कृतिक संपत्तीच्या रक्षणाचा जो करार झाला त्याच्या पहिल्याच कलमांत हस्तलिखितें, ग्रंथ, ग्रंथसंग्रह व दफ्तरें ह्यांचा नांवानिशीं उल्लेख आहे. (आपला देश ह्या हेग करारांत सन १९५८ पासून आहे, रोमच्या करारांत नाहीं.) रोमचा मसुदा करणारांनीं ही यादी उचलली नाहीं. त्यामुळें पोथी जाळल्याचा अपराध न्यायालयापुढें न्यावयाचा तर तो शिक्षणाच्या इमारतीवरील हल्ला म्हणून, अथवा शत्रूच्या मालमत्तेचा नाश वा लूट म्हणून, आडमार्गानें न्यावा लागेल. पूर्वीं हें अगदींच झालें नाहीं असें नव्हे : न्युरेंबर्ग येथें सन १९४६ त आल्फ्रेड रोझेनबर्ग ह्यास ज्या दोषांबद्दल फांशी झाली त्यांत यूरोपांतील ग्रंथालयांची पद्धतशीर लूट हाही एक होता.

दुसरें प्रकरण ह्याच्या अगदीं उलट आहे. हिसेन हाब्रे ह्यानें चाडवर सन १९८२ पासून १९९० पर्यंत राज्य केलें. विरोधकांस पकडणें, छळणें व मारणें हें काम त्याच्या ज्या गुप्त पोलिस खात्याकडे होतें त्याचें नांव 'दस्तऐवज व सुरक्षा संचालनालय' असें होतें. आणि दस्तऐवज हा शब्द त्यांनीं शोभेपुरता घातलेला नव्हता. कैद्यांच्या याद्या, जबान्या, मृत्यूचे दाखले, हेरांचीं टिपणें, सर्व कांहीं रीतसर लिहून ठेवीत. डिसेंबर १९९० त हाब्रे पळाला व सेनेगलमध्यें जाऊन राहिला. खात्याची अंजामेना येथील कचेरी ओसाड पडली. मे २००१ त ह्यूमन राइट्स वॉच ह्या संस्थेचे लोक तेथें शिरले तेव्हां त्यांस हजारों कागद धुळींत विखुरलेले आढळले. दहा वर्षें त्यांस कोणी जपलें नव्हतें. त्यांचें मोल कोणास कळलें नव्हतें म्हणूनच ते राहिले. आपल्याकडे वाण्याच्या रद्दींतून व वाड्याच्या अडगळींतून ज्यांनीं अस्सल पत्रें बाहेर काढलीं त्यांस ह्यांत नवल वाटणार नाहीं. त्या कागदांच्या छाननींत १२,३२१ पीडितांचीं नांवें निघालीं. त्यांपैकीं १,२०८ जण कोठडींत मेले वा मारले गेले होते.

आफ्रिकी संघ व सेनेगल ह्यांच्यांत करार होऊन डाकार येथें एक विशेष न्यायालय स्थापन झालें व तेथें जुलै २०१५ त हाब्रेवर खटला उभा राहिला. छळ सोसलेल्या अनेकांनीं साक्षी दिल्या, आणि निकालाचा मुख्य आधार त्या साक्षीच होत. पण आमच्या वाचकांस रस वाटेल तो एका कागदांत. रेडक्रॉसनें कांहीं आजारी युद्धकैद्यांस इस्पितळांत हलविण्याची विनंती अध्यक्षांस लेखी केली होती. त्या पत्रावर हातानें शेरा आहे, त्याचा आशय असा कीं, यापुढें मृत्यु आल्याखेरीज कोणाही युद्धकैद्यानें तुरुंगाबाहेर पडूं नये. न्यायालयानें नेमलेल्या अक्षरतज्ज्ञानें तें अक्षर हाब्रेचें आहे असा निर्वाळा दिला. कारकुनाच्या हातचा मजकूर कोणता व धन्याच्या हातचा शेरा कोणता, हें ओळखण्यावर आपल्या शास्त्राचा केवढा तरी भाग उभा आहे. तीच परीक्षा येथें एका राज्यकर्त्याच्या जन्मठेपेच्या कामीं आली. ३० मे २०१६ रोजीं निकाल झाला. मानवतेविरुद्धचे अपराध, युद्धापराध व छळ हे तिन्ही शाबीत होऊन जन्मठेप झाली. एप्रिल २०१७ त अपिलांत ती कायम राहिली. ऑगस्ट २०२१ त हाब्रे सेनेगलमध्येंच कैदी म्हणून मेला.

टिंबक्टूचा खटलाही निकालानें संपला नाहीं. १७ ऑगस्ट २०१७ रोजीं न्यायालयानें २७ लक्ष युरो भरपाईचा आकडा ठरविला. त्याची वांटणी पाहण्यासारखी आहे : पाडलेल्या वास्तूंबद्दल ९७,००० युरो, यात्रेकरूंवर ज्यांचें पोट होतें त्यांच्या व नगराच्या आर्थिक हानीबद्दल २१ लक्ष २० हजार, व ज्यांच्या पूर्वजांच्या कबरी फुटल्या त्यांच्या आणि इतरांच्या मनःक्लेशाबद्दल ४ लक्ष ८३ हजार. म्हणजे माती-विटांची किंमत सर्वांत कमी धरली, व ती तशीच धरणें योग्य होतें. कारण दर्गे युनेस्कोच्या साह्यानें तेथल्याच गवंड्यांनीं जुन्या रीतीनें २०१५ पर्यंत पुनः उभे केले होते. माली देशास व युनेस्कोस प्रत्येकीं एक युरो नाममात्र देवविला. अल-महदी निष्कांचन, म्हणून ही रक्कम पीडितांसाठीं असलेल्या निधींतून उभी करावयाची झाली. त्याची शिक्षा पुढें दोन वर्षांनीं कमी होऊन ती १८ सप्टेंबर २०२२ रोजीं संपली.

नगरांतील माणसांवर जें गुदरलें त्याआधीं कबरींचा न्याय झाला, ही तेव्हां घेतलेली तक्रार रास्त होती. ज्यांस चौकांत फटके बसले, ज्यांचा हात तोडला गेला, त्यांची दाद अल हसन नांवाच्या दुसऱ्या आरोपीच्या खटल्यांत लागली. हा तेथील इस्लामी पोलिसांतला अधिकारी. २६ जून २०२४ रोजीं छळ, अवयवच्छेद वगैरे अपराध त्यावर शाबीत झाले व नोव्हेंबरांत दहा वर्षांची शिक्षा झाली. परंतु स्त्रियांवरील जबरी विवाह व अत्याचार ह्या आरोपांतून तो सुटला, आणि वास्तूंवरील हल्ल्याच्या आरोपांतूनही सुटला. हुकूम देणारा इयाद अग घाली ह्याच्यावरील वॉरंट सन २०१७ त निघालें होतें, तें २१ जून २०२४ रोजीं उघड करण्यांत आलें. २२ सप्टेंबर २०२५ रोजीं माली, बुर्किना फासो व नायजर ह्या तिन्ही देशांच्या लष्करी सरकारांनीं न्यायालयांतून बाहेर पडत असल्याचें जाहीर केलें. ज्या मालीनें हें प्रकरण हेगला पाठविलें व ज्या नायजरनें आरोपीस हवालीं केलें, ते दोघेही त्यांत आहेत.

बामाकोस नेलेल्या पोथ्यांचें तेथें छायाचित्रण व सूचीकरण चालू होतें. अमेरिकेंतील मिनेसोटाच्या हिल हस्तलिखित-ग्रंथालयाचा त्यास हातभार लागला. तेथील दमट हवा वाळवंटांतल्या कागदास मानवत नव्हती. ऑगस्ट २०२५ त हस्तलिखितांच्या २०० हून अधिक पेट्या विमानानें टिंबक्टूस परत पोंचल्या.